घेतली होती काय

"पेलेला हाय बे हा! वास घ्या याचा, वास घ्या!"

कोणीतरी असे ओरडले आणि पहिली काठी उकंडरावच्या खांद्यावर बसली. ट्रकच्या दारातून त्याला खाली ओढले तेव्हा लोक मदतीला धावून आले असेच त्याला वाटले होते. त्याने हात पुढे केला होता. तोच हात धरून त्यांनी त्याला खडीवर पाडले, आणि मग काठ्या, चपला, लाथा, ज्याच्याजवळ जे होते ते त्याच्या अंगावर कोसळू लागले.

दिवस बुडायला आला होता. जळगाव जामोदहून नांदुऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, आसलखेड गावाच्या अलीकडे, कापसाने भरलेली एक बैलगाडी उलटी पडली होती. सांडलेल्या कापसात गावचा माणिक पडला होता. ऐन पंचविशीतला पोरगा. त्याच्या छातीखालचा कापूस लाल होत चालला होता आणि तो आता हलत नव्हता.

"मी पेलो नाई हो! मायची आन, मी पेलो नाई!" उकंडराव पालथा पडून ओरडत होता.

कोण ऐकणार? कमरेपासून खाली त्याचा पायजमा मोहाच्या दारूने निथळत होता. भपकारा असा की नाक धरावे. त्या दिवसांत आमच्याकडे दारूबंदी होती, म्हणजे दारू दुकानात मिळत नव्हती, बाकी सगळीकडे मिळत होती. आणि मारणाऱ्यांपैकी निम्म्यांनी तरी आदल्या रात्री तीच मोहाची प्यायलेली असणार. पण पिणे वेगळे आणि पिऊन गावचा पोर मारणे वेगळे, हे त्यांचे म्हणणे मी खोटे कसे म्हणू? एकाने दगड उचलून त्याच्या तोंडावर हाणला. दोन दात खडीवर पडले. दुसऱ्याने ट्रकचे डिझेल काढायला डबा मागितला.

"यालेबी जाळा, ट्रकालेबी जाळा!"

डबा येण्याआधी ठाण्याचे हवालदार शंकरराव दोन शिपाई घेऊन पोचले आणि त्यांनी उकंडरावला गर्दीतून ओढून काढले. त्यांनी त्याला वाचवले असे म्हणायला हरकत नाही. मारायचे काम गावाच्या हातून सरकारच्या हातात गेले, इतकेच.

उकंडराव हा काही गोष्टीत यावा असा माणूस नव्हता. एका जिनिंगचा ट्रक चालवायचा, कापसाच्या गाठी पोचवायच्या, रिकामा ट्रक परत आणायचा. आधी क्लीनर होता, मग ड्रायव्हर झाला, आणि पुढे म्हातारा होऊन नातवंडे खेळवीत बसला असता. बाप दारूपायी विहिरीत पडून मेला होता, म्हणून त्याने दारूला कधी तोंड लावले नाही. लग्नकार्यात कोणी फारच आग्रह केला तर ताटावरून उठून जायचा. लोक त्याला चिडवायचे. त्याला खोड एकच होती आणि ती सगळ्या ड्रायव्हरांना होती. नाक्यावर कोणी हात दाखवला की तो सवारी, म्हणजे वाटेतला उतारू, घ्यायचा.

मालाच्या ट्रकात सवारी घ्यायची नाही, असा शेठचा सक्त हुकूम होता. घेतलेली कळली की नोकरी गेली. तरी घेत सगळेच. चहापाण्याचे सुटायचे आणि बोलायला सोबत व्हायची. त्या दिवशी त्याने जळगावच्या नाक्यावरून एक सवारी घेतली. धोतर-बंडीतला माणूस, जवळ पत्र्याचा मोठा डबा. "सातपुड्यातला मध हाय," माणूस म्हणाला. उकंडरावने डबा पायापाशी ठेवायला जागा दिली आणि दोघे पाऊसपाण्याचे बोलत निघाले.

आसलखेडच्या अलीकडच्या वळणावर बैलगाडी दिसली. उकंडरावने ब्रेक दाबायला पाय टाकला, तेवढ्यात वळणावर डबा सरकला आणि ब्रेकच्या खाली जाऊन बसला. त्याने जीव खाऊन पाय दाबला. डबा चेपला, फुटला, आत मध नव्हता, दारू होती; ती त्याच्या पायांवर उडाली आणि ट्रक तसाच पुढे गेला. पुढचा आवाज सांगायची गरज नाही. सवारी दार उघडून, चेपलेला डबा काखेत मारून, तुरीच्या वावरात पळून गेली. तिचे पुन्हा कोणाला तोंड दिसले नाही.

म्हणजे उकंडराव निर्दोष होता असे कोणी समजू नये. तो स्वतःही समजत नव्हता. खडीवर मार खाताना, शिपायांच्या मधे चालताना, ठाण्याच्या फरशीवर बसताना त्याच्या डोक्यात एकच घण पडत होता: मी सवारी घेतली. मी घेतली म्हणून तो पोरगा मेला.

ठाण्याचे फौजदार पुण्याकडचे होते. महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षे झाली होती आणि तिकडचे साहेब इकडे बदलून येऊ लागले होते. इस्त्रीचा माणूस, बोलणे स्वच्छ. आमची भाषा ऐकली की त्यांच्या कपाळाला आठी पडे. दारू प्यायलास का, असे ते कोणाला विचारत नसत. त्यांच्याकडे चांगल्या घरचे लोक दारू पीत नाहीत, 'घेतात'. तेव्हा त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि सभ्यपणे विचारले, "घेतली होतीस ना?"

आता आमच्याकडे माणूस दारू 'पेते'. 'घेतली' हा शब्द ट्रकवाल्यांमध्ये एकाच गोष्टीला लावतात, आणि ती गोष्ट तर उकंडरावच्या छातीवर बसली होती. साहेबांना कळले, त्याने ओळखले. नोकरी गेली, घर उघड्यावर पडले. त्या घाबरलेल्या माणसाने आयुष्यात जे फारसे केले नव्हते ते केले. खोटे बोलला.

"नाई साहेब. नाई घेतली."

"नीट आठव. घेतली होतीस."

"नाई साहेब. मी घेतच नाई."

फौजदारांनी शंकररावांकडे नुसते पाहिले.

शंकरराव इथलेच, मेहकरकडचे. पण साहेबांच्या हाताखाली राहून त्यांनी साहेबांचे शब्द उचलले होते. उकंडरावचे पाय बाकाला बांधले गेले, वहाणा काढल्या गेल्या, आणि लाकडी रूळ तळपायांवर पडू लागला. तळपायावरचा मार सरळ मेंदूत जातो. मारणाऱ्याला घाम येतो आणि मार खाणाऱ्याचा आवाज माणसाचा राहत नाही.

"घेतली म्हन ना बे! साहेब इचारून राह्यले ना? घेतली म्हन आन सुट्टी कर!"

"नाई घेतली! नाई घेतली हो!"

रूळ मोडला. दुसरा आणला. उकंडराव घरचा विचार करत होता, आणि शेठचा, आणि त्या गाडीचा. दर फटक्याला त्याला वाटे, आता सांगून टाकावे. पण मग बायको, रुक्मिणी, काय खाईल, या विचाराने दात आवळे. दात दोन कमी झाले होते, त्या फटीतून रक्त यायचे.

तेवढ्यात ओसरीवर रुक्मिणीबाईचा आवाज आला. तिला बातमी कळली तेव्हा ती रडत बसली नाही. मिळेल त्या गाडीने तालुक्याला गेली, लक्ष्मीकांत नावाच्या तरुण वकिलाला जेवणावरून उठवले आणि तशीच ठाण्यावर घेऊन आली. लक्ष्मीकांत वकील नवे होते, म्हणूनच आले. जुना वकील सकाळी आला असता.

"मला माझ्या अशिलाला भेटायचं आहे," ते म्हणाले.

फौजदार ओसरीवर येऊन उभे राहिले. "वकीलसाहेब, अजून खटला कुठं आहे? खटला उभा राहिला की या. चहा घेणार?"

"अटकेतल्या माणसाला वकिलाशी बोलू द्यावं लागतं. राज्यघटनेत तसं लिहिलेलं आहे."

"लिहिलेलं असेल. मी नाही म्हणत नाही. पण आत्ता चौकशी चालली आहे."

आत उकंडरावने बायकोचा आवाज ओळखला आणि सगळा जीव गोळा करून हाक मारली, "रुक्मिने! मले मारून राह्यले वं!"

शंकररावांनी त्याचाच रुमाल त्याच्या तोंडात कोंबला. पुढचा फटका पडला तेव्हा नुसते नाकातून घुर्रर निघाले. बाहेर रुक्मिणीबाईने ते ऐकले. ती दाराकडे धावली, शिपायाने तिला ढकलले आणि ती पायऱ्यांवरून घसरून मनगटावर पडली. वकिलांनी तिला उठवले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. ते मोठ्याने, पुस्तकी मराठीत, कलमे सांगत राहिले आणि फौजदार मान हलवत राहिले. शेवटी दोघांना फाटकाबाहेर काढले.

बाहेरचे आवाज बंद झाले. उकंडरावने कान देऊन पाहिले. कोणी नव्हते. मग त्याने मान हलवली. शंकररावांनी रुमाल काढला.

"घेतली," तो म्हणाला. "घेतली साहेब. म्या घेतली."

मार खाऊन माणूस खोटे कबूल करतो हे सगळ्यांना माहीत आहे. इथे उलटे झाले. मार खाऊन तो खोट्याचा खरा झाला, आणि त्या खऱ्याचे कागदावर जाता जाता पुन्हा खोटे झाले. यावर हसावे की कोणाच्या तरी नरड्याला हात घालावा, हे मला आजवर ठरवता आलेले नाही.

पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही हे फौजदारांना ठाऊक होते. म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला मॅजिस्ट्रेटसाहेबांपुढे नेले. शंकरराव दाराबाहेर थांबले, दिसतील असे. वाटेत ते कानात म्हणाले होते, "काल सांगतलं तेच सांग. नाई तं रात्री आपन दोघं हावोतच."

मॅजिस्ट्रेट सज्जन होते. त्यांनी आधी विचारले, "कोणी मारहाण केली काय?"

"गावच्यायनं मारलं साहेब." तेही खरेच होते.

"पोलिसांनी?"

उकंडरावने दाराकडे पाहिले. "नाई साहेब."

"अपघाताच्या आधी तुम्ही घेतली होती काय?"

"हाव साहेब. घेतली होती."

"किती?"

"एकच."

"कुठे घेतली?"

"जळगावच्या नाक्यावर. चायच्या दुकानापाशी."

"नेहमी घेता?"

"नेमी नाई साहेब. कधीमधी. सारेच डायव्हर घेतात."

"घेतल्यामुळेच अपघात झाला, असे तुमचे म्हणणे आहे काय?"

इथे उकंडरावला रडू फुटले. आदल्या दिवसापासून तो मारामुळे ओरडला होता, पण रडला नव्हता. "हाव साहेब," तो म्हणाला. "घेतली नसती तं तो पोरगा जित्ता असता."

साहेबांनी ते लिहून घेतले आणि त्याचा अंगठा उमटवून घेतला. इतकी साफ कबुली त्यांना फार दिवसांनी मिळाली होती.

लक्ष्मीकांत वकील त्याला भेटू शकले ते तुरुंगात. जाळीच्या अलीकडे बसून त्यांनी त्याला कबुली वाचून दाखवली आणि मान हलवली. "उकंडराव, दारू घेतल्याचं असं सगळं कशाला सांगून बसलात?"

"दारू?" उकंडराव त्यांच्याकडे बघत राहिला. "दारूचं कोन बोललं? म्या सवारी घेतली म्हटलं."

वकिलांना आधी कळले नाही. मग त्याने नाका, माणूस, मधाचा डबा, ब्रेक, सगळे सांगितले. वकिलांनी कबुली पुन्हा वाचली. 'किती? एकच.' ते हसू लागले. हसताना त्यांची नजर त्याच्या पायांकडे गेली. पाय चिंध्यांनी बांधलेले होते आणि चिंध्यांतून पू येत होता. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"साहेबायले सांगा ना मंग," उकंडराव म्हणाला. "म्या पेलो नाई, हे तं कळू द्या लोकायले. त्या पोराच्या मायले कळू द्या."

"तेच सांगायचं नाही."

"काऊन?"

"हे बघा. तुम्ही सवारीचं बोललात की दारू जाईल, पण ब्रेकखाली डबा तुमच्या चुकीनं आला हे तुमच्याच तोंडून कबूल होईल. मग सजा त्याची. आणि 'मी असं म्हणालो, पण अर्थ निराळा होता' असं सांगितलं, की म्हणालो हे तर पक्कं झालं. मला ती कबुली अख्खी काढून टाकायची आहे. मारून घेतली, वकिलाला भेटू न देता घेतली, म्हणून ती कोर्टानं वाचायचीच नाही. तुम्ही काही म्हणालाच नाहीत."

"पन म्या म्हटलं ना."

"कोर्टापुरतं नाही."

उकंडरावने जाळीला बोटे अडकवली. "मंग खरं काय झालं ते कोन सांगन?"

"गुन्हा पोलिसांनी सिद्ध करायचा असतो. तुम्ही गप्प बसायचं. रुक्मिणीबाईंकडे बघा आणि गप्प बसा."

वकिलांचे चुकले असे मी म्हणत नाही. वकिलाने आपले काम करायचे असते आणि या वकिलाने ते जीव तोडून केले.

खटला उभा राहिला. माणिकची आई पंचफुला रोज आसलखेडहून यायची आणि कोर्टाच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून बसायची. नवरा केव्हाच गेला होता, माणिक एकुलता. ती ठेंगणी, वाळलेली बाई आरोपीला आत नेताना उभी राहायची आणि तो आत जाईपर्यंत बघत राहायची. एकदा ती थुंकली. थुंकी उकंडरावच्या बाहीवर पडली आणि त्याने ती पुसली नाही.

डॉक्टरांनी सांगितले, आरोपीला वास येत होता आणि पाय लटपटत होते. वकिलांनी विचारले, वास तोंडाला होता की कपड्यांना? दुसऱ्या दिवशी दुपारी तपासले, तेव्हा नक्की सांगता येत नाही, डॉक्टर म्हणाले. लटपटणाऱ्या पायांचे तळ पाहिले काय? नाही पाहिले. तुरुंगाच्या डॉक्टरांनी पाहिले होते. त्यांनी तळपायांवरचे वळ एकामागे एक सांगितले.

"ते वळ गावकऱ्यांच्या माराचे," पिंजऱ्यात उभे असलेले शंकरराव म्हणाले.

"गावकऱ्यांनी आधी वहाणा काढायला लावल्या, आणि मग तळपाय तेवढे निवडून मारले काय?" वकिलांनी विचारले.

कोर्टात हशा झाला. शंकरराव लाल झाले. मग रुक्मिणीबाई आली. मनगट वाकडे जुळले होते, ते तिने पदराखाली लपवले.

"म्या वकीलसाहेबायले घेऊन गेली. आत माहा मानूस वरडत होता. मंग त्याच्या तोंडात कायतरी कोंबलं. मले तो आवाज आजबी झोपू देत नाई."

शंकररावांना पुन्हा बोलावले. वकील त्या दिवशी आले होते काय?

"आले असतीन साहेब. घरचे लोक येतात, वकील येतात, रडतात. आमी कोनाकोनाले आत सोडाव?"

भिंतीपाशी उभ्या फौजदारांनी डोळे मिटून घेतले. वकिलाला अडवल्याची एवढीच कबुली हवी होती. लक्ष्मीकांत वकील आनंदाने खाली बसले.

निकालाच्या दिवशी न्यायाधीशसाहेबांनी बराच वेळ वाचले. आरोपीला वकिलापासून दूर ठेवण्यात आले, मारहाण झाली, त्या धाकाखाली पुढची कबुली दिली गेली, सबब ती पुराव्यातून वगळण्यात येते. ती वगळल्यावर आरोपी दारू प्यायला होता याला भरवशाचा पुरावा नाही. गाडीला कंदील नव्हता, अपघात पाहणारे कोणी नव्हते. संशयाचा फायदा देऊन आरोपीस निर्दोष सोडण्यात येते.

रुक्मिणीबाईने तिथेच जमिनीला डोके टेकले. वकिलांना लोकांनी घेरले. उकंडराव लंगडत व्हरांड्यात आला तर पंचफुला कोर्टाच्या शिपायाचा हात धरून विचारत होती.

"काय झालं बाप्पा?"

"सुटला तो. कबुली वगळली."

"वगळली म्हंजे?"

"म्हंजे त्यानं काई म्हटलंच नव्हतं, असं समजाचं."

"पन म्हटलं तं होतं ना?"

शिपायाने हात सोडवून घेतला. पंचफुलाने वर पाहिले. समोर उकंडराव उभा होता. त्याचे तोंड उघडले, पण मागून वकिलांनी खांद्यावर हात ठेवला, "चला, चला आता," आणि त्याला पायऱ्यांवरून खाली नेले.

घरी गोडधोड झाले. शेठने निरोप पाठवला की ट्रक तयार आहे, ये. उकंडराव गेला नाही. रस्त्यात भेटणारे लोक डोळा मारून म्हणायचे, "वकील भारी केला बे उकंडराव! पेऊन मानूस उडवला आन साफ सुटला!" ते त्याला शाबासकी देत होते. प्रत्येक शाबासकीला त्याचा चेहरा राखेसारखा व्हायचा. जन्मभर जिला तोंड लावले नाही तिच्या नावाने तो आता मशहूर झाला होता, आणि खऱ्या गुन्ह्याचे कोणाला नावही माहीत नव्हते.

एका सकाळी त्याने वहाणा घातल्या. "आसलखेडले जातो," म्हणाला.

रुक्मिणीबाईच्या हातातली भाकर परातीत पडली. "येडे झाले का तुमी? मारून टाकतीन तुमाले तिथं! माहं मनगट मोडलं ते याच्यासाठी?"

"नाई वं. पन मले त्या मायपाशी बोलाचं हाय."

"वकीलसाहेबानं सांगतलं ना, बोलाचं नाई म्हून?"

"ते कोर्टात." तो उठला. "तिच्या घरी काय कोर्ट हाय?"

आसलखेडच्या वेशीवरच त्याला लोकांनी ओळखले. लंगडता माणूस लपत नाही. पहिला दगड पाराजवळून आला आणि पाठीत बसला. तो थांबला नाही. एकाने पुढे येऊन कानशिलात दिली, दुसऱ्याने बंडी धरून फाडली. "पंचफुलाचं घर कोनतं?" एवढेच तो विचारत होता. मार खात खात, विचारत विचारत तो तिथवर पोचला आणि त्याच्यामागे काठ्या घेतलेले अर्धे गाव.

पंचफुला अंगण सारवत होती. शेणाने भरलेले हात तसेच घेऊन ती उभी राहिली. एकाने काठी उगारली तशी ती ओरडली, "कोनी हात नाई लावाचा! काऊन आला ते पाहू द्या मले."

काठी खाली आली. उकंडरावच्या कानातून रक्त ओघळत होते. त्याने हात जोडले नाहीत. हात जोडले तर ती माफी मागितल्यासारखी वाटेल, आणि तो माफी मागायला आला नव्हता.

"माय," तो म्हणाला, "म्या पेलो नव्हतो. म्या सवारी घेतली होती. त्या सवारीपाशी दारूचा डबा होता. म्या घेतली म्हून तो डबा बिरेकाखाली आला. सवारी घेतली नसती तं तुहा पोरगा मेला नसता. हे म्या साहेबायले सांगतलं होतं. त्यायनं दुसरंच लिहिलं, आन मंग तेबी पुसून टाकलं. आता तुले सांगून राह्यलो."

पंचफुला त्याच्याकडे बघत होती, आणि तिच्या बोटांवरून शेण खाली गळत होते.

"तू खाली उतरला होता का?" तिने विचारले. "त्याच्यापाशी गेला होता?"

"हाव. लोक याच्या आंधी. मंग अंगात थरकाप सुटला, म्हून दारात जाऊन बसलो."

"तो बोलला काई?"

इतक्या महिन्यांत इतक्या लोकांनी त्याला इतके प्रश्न विचारले, पण हा कोणीही विचारला नव्हता.

"बैल सोडा, म्हने. बैलाले जुवाखालून काढा. म्या एक काढला. दुसरा मेला होता. त्याले म्हटलं, दोन्ही निघाले बाप्पा. मंग त्यानं डोळे मिटले."

पंचफुलाच्या तोंडातून जो आवाज निघाला तो रडण्याचा नव्हता. ती दोन पावलांत पुढे आली आणि तिने दोन्ही शेणाच्या हातांनी त्याला मारायला सुरुवात केली. छातीवर, पोटावर, जिथे लागेल तिथे. "काऊन घेतली रे! काऊन घेतली तू!" तिचे मारणे काही फार जोराचे नव्हते. पण गावाने मारले ते दारूसाठी, सरकारने मारले ते दारूसाठी, आणि ज्यासाठी त्याला मारायला हवे होते त्यासाठी त्याला आज पहिल्यांदा कोणी मारत होते. त्याने हात बाजूला सोडून दिले.

तिला त्याच्या तोंडावर मारायचे होते. ती ठेंगणी होती, टाचा उंचावून मारायला जायची तर तोल जायचा. मग तो खाली बसला.